खुणेच्या वरचं तेल

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

ही डायरी जानेवारीत एका व्हॉल्व्हच्या सप्लायरने दिली होती. दहा महिने ड्रॉवरमध्ये पडून राहिली. आज काढली, कारण आजचं जे आहे ते बोटीच्या लॉगबुकात लिहिण्यासारखं नाही.

एकतीस डिसेंबर हा माझा कंपनीतला शेवटचा दिवस. सव्वीस वर्षं अबुधाबीत पाइपलाइनचा इन्स्पेक्टर म्हणून काढली. हॉलमध्ये बारा खोके आहेत आणि माझी बायको छाया म्हणते अजून वीस लागतील. मला खोक्यांकडे बघूनच थकायला होतं. त्यातलं एक काम माझ्या वाट्याचं, ते म्हणजे बोट विकणं. एकवीस फुटी, फायबरची, साठ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. अर्धी माझी, अर्धी माझ्या मित्राची, हारुनची. अकरा वर्षं झाली. केरळचा एक जण बघायला येणार आहे, बावीस तारखेला, स्वतःचा मेकॅनिक घेऊन.

म्हणून आज सकाळी जेट्टीवर गेलो. एप्रिलनंतर एकच फेरी झाली होती, जूनमध्ये. ऑक्टोबर लागला की हारुनच फोन करतो, "इन्स्पेक्टरसाब, हवा बदलली." या वर्षी केला नाही. मीही खोक्यांमध्ये होतो.

इंजिनचं झाकण काढलं, तेलाची काडी ओढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मग लक्षात आलं की इंजिन वर उचललेलं आहे आणि तिरक्या इंजिनचं माप कधीच खरं नसतं. खाली केलं, सरळ केलं, दहा मिनिटं थांबलो. तरी वरच. नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास.

तासांचं मीटर बघितलं. ते मीच बसवलं आहे, हारुन तेव्हा हसला होता. मीटर ६६८. लॉगबुकात शेवटची नोंद ६१७.

एक्कावन्न तास. नोंद एकाचीही नाही.

हारुनला फोन लावला. म्हणाला, "असेल. मी जातो कधीकधी."

"एक्कावन्न तास म्हणजे कधीकधी?"

"अरे बोट आहे ती, पाइपलाइन नाय. बघू नंतर, इन्शाल्ला."

आणि ठेवला. हारुन फोन असा ठेवत नाही. त्याचा फोन संपायलाच वीस मिनिटं लागतात.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

मुसफ्फातल्या, म्हणजे आमच्या जेट्टीच्याच भागातल्या, वर्कशॉपवाल्याला वासाचं सांगितलं. तो म्हणाला, इंजिन सारखं अगदी हळू चालवलं की ते पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल खाली तेलात उतरतं, तेल पातळ होतं आणि वाढल्यासारखं दिसतं. अधूनमधून जोरात पळवलं तर उडून जातं. नाही पळवलं तर तेल वारंवार बदला, नाहीतर इंजिन आतून झिजेल. तेल आणि फिल्टर बदलायचे साडेसहाशे दिरहम मागितले. म्हणजे पंधरा-साडेपंधरा हजार रुपये. पुण्यात तेवढ्यात स्कूटर उघडून परत जोडतील. स्वतःच करायचं ठरवलं.

तेल आजवर हारुननेच बदललं. रत्नागिरीकडचा माणूस, बापजाद्यांपासून पाण्यातला. काडीवरचं तेल दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि सांगायचा, अजून वीस तास चालेल. मी शेजारी बसून लॉगबुकात लिहायचो. त्याच्या नाकावर माझ्या मीटरपेक्षा माझा जास्त भरवसा होता, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आमची ओळखच भांडणातून झालेली. त्याच्या वर्कशॉपमधली चौदा वेल्डिंग मी एका दिवसात रिजेक्ट केली होती. संध्याकाळी त्याने मला चहा पाजला आणि म्हणाला, पंधरावंपण खराब होतं, तुला दिसलं नाय.

अशा माणसाला हा वास आला नसेल? आला असणार. मग तेल का नाही बदललं?

छायाने हारुन आणि त्याची बायको अन्वरी, दोघांना शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं. नाही म्हणाला. अन्वरीची पाठ दुखते म्हणे. छायाने मग अन्वरीलाच फोन केला. ती गोड बोलली, पण आमच्या मुलीचं, ईशानीचं, लग्न ठरलं का, असं तीनदा विचारलं. ईशानीच्या लग्नाला दोन वर्षं झाली. हारुन-अन्वरी पुण्याला आली होती, अन्वरीने स्वतः तिला हळद लावली होती. छाया म्हणाली, वय झालं, विसरली असेल. मला तो टोमणा वाटला. लग्नात आपल्याकडून काहीतरी मानपान राहिला असणार. तीनदा विचारतं कोणी उगीच?


शनिवार, ८ नोव्हेंबर

तेल बदललं. सगळं लिहून ठेवतो, कारण पाठ इतकी दुखते आहे की उद्या आठवायचं नाही.

सामान: तीन लिटर टेन-थर्टी मरीन तेल, नवा फिल्टर, हातपंप, रिकामा पाच लिटरचा कॅन, फडकी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. बोट पाण्यातच होती, त्यामुळे खालचा स्क्रू काढून तेल सोडता येत नाही. काडीच्या भोकातून नळी घालायची आणि पंपाने वर ओढायचं. आधी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. तेल कोमट झालं की वर यायला हलकं पडतं.

पंप मारायला पंचवीस मिनिटं लागली. मध्ये तीनदा बसलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने बोटीत वाकून पंप मारू नये. तेल काळं होतं, ठीक आहे, पण पाण्यासारखं पातळ. इंजिनात अडीच लिटर बसतं. कॅनमध्ये तीन लिटरच्या वर निघालं. वरचं सगळं पेट्रोल.

फिल्टर हाताने हलेना. पट्ट्याचा पाना लावला, तो घसरला, बोटाचं साल निघालं. हारुन असता तर म्हणाला असता, "त्याला प्रेमाने सांग रे, ऑडिट नको करू." खाली पिशवी बांधून, फडकं धरून शेवटी फिरवला. तरी एक थेंब पाण्यात पडलाच. जेट्टीभर इंद्रधनुष्य पसरलं. शेजारच्या बोटीवरचा इजिप्तचा मिसरी माझ्याकडे बघत राहिला. मी पण त्याच इंद्रधनुष्याकडे बघत राहिलो, जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे.

नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावलं, हाताने घट्ट केला. सव्वादोन लिटर ओतलं, थांबलो, काडी बघितली, थोडं अजून. इंजिन चालू केलं. गळती नाही. काडीवर तेल बरोबर दोन खुणांच्या मध्ये, मधाच्या रंगाचं. आठवड्यात एवढं एकच काम बरोबर झालं.

मीटर ६७५. म्हणजे गेल्या शनिवारपासून आणखी सात तास. सात दिवस, सात तास.

आणि आता जे खरं लिहायचं आहे ते. पंप ठेवायला सीटखालचा कप्पा उघडला. आत बायकी कॉटनची ओढणी, एक छोटं पायपुसणं आणि नानकटाईचे सहा पुडे. एकही फोडलेला नाही. मी पाठीमागचे तारखेचे स्टिकर बघितले, सवयच आहे. पहिला सप्टेंबरच्या मध्याचा, शेवटचा परवाचा. जुने पुडे दमट हवेने मऊ पडले आहेत.

अर्थ उघड आहे. हारुन रोज तासाभराच्या फेऱ्या मारतो आहे. लोकांना खाडीत, खारफुटीच्या बाजूने हळूहळू फिरवून आणायचं, सोबत बिस्किटं. बायका येत असणार, ओढणी राहून गेलेली. बोट माझ्या नावावर रजिस्टर आहे. उद्या कोणी पाण्यात पडलं तर व्हिसा रद्द व्हायच्या आधी मीच आत.

अकरा वर्षं एका बोटीत बसलो. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का? म्हणालो असतो. तेच त्याला माहीत असेल.


रविवार, ९ नोव्हेंबर

पाठीला पट्टा लावून पडून आहे. हारुनला मेसेज केला: "बोट भाड्याने देतोस का? सरळ सांग."

उत्तरादाखल चार सेकंदांचा आवाज पाठवला. "तुला जे वाटतं ते समज. खलास." त्याच्यामागे अन्वरीचा आवाज होता, घाईचा, लहान मुलीसारखा: "चला ना, होडी सुटेल."

म्हणजे तीही यात आहे.

छायाला ऐकवला. तिने तो दोनदा लावला आणि फोन परत दिला. मला वाटलं होतं चिडेल.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

ऑफिसातून येताना जेट्टीवर गेलो. मीटर ६८०. पाच दिवस, पाच तास. काडी बघितली, तेल एका काडीच्या जाडीएवढं वर सरकलं आहे. मी घातलेलं तेल. माझ्या पाठीतून काढलेलं.

ऑफिसात माझ्या जागी येणाऱ्या मुलाला फाइली समजावतो आहे. तो मान डोलावतो आणि काही लिहून घेत नाही. आज त्याला म्हणालो, लिहून घे. म्हणाला, सर, सगळं सिस्टिममध्ये आहे ना. आहे.


शनिवार, १५ नोव्हेंबर

चार वाजता जेट्टीसमोर गाडी लावून बसलो. वर्तमानपत्र धरून, सिनेमातल्यासारखं. छायाला सांगितलं की टेप आणायला जातो.

सव्वाचारला हारुन आला. सोबत गिऱ्हाईक नव्हतं. अन्वरी होती. ठेवणीतली हिरवी साडी, डोक्यावर पदर, काखेत कापडाचं गाठोडं, हातात नानकटाईचा पुडा. हारुनने आधी बोटीत उतरून दोन्ही हात पुढे केले. ती त्याच्याकडे न बघता, पुडा सांभाळत उतरली आणि मधल्या बाकावर तोंड पुढे करून बसली, एसटीत बसावं तशी, गाठोडं मांडीवर. हारुन मागे इंजिनपाशी. बोट इतकी हळू निघाली की बाजूने बदक पुढे गेलं असतं. दोघं एकमेकांशी बोलतानाही दिसली नाहीत.

तासाभराने परत आली. गाठोडं होतं, पुडा नव्हता. तिचा चेहरा शांत, झोप झाल्यासारखा. हारुन मात्र एका संध्याकाळीत पाच वर्षांनी म्हातारा दिसला. कदाचित मीच त्याला बऱ्याच दिवसांनी बघितलं असेल.

म्हणजे भाडं वगैरे नाही. नवराबायको फिरायला जातात, बस. हायसं वाटलं आणि मग राग आला. फिरायला जातात तर लपवतात कशाला? आम्हाला नको असतील सोबत तर तसं सांगा. सव्वीस वर्षांत एक वाक्य सांगता येत नाही?

घरी येऊन छायाला सगळं सांगितलं. ती खोक्याला टेप लावत होती.

"पुडा परत आणला तिने?"

"नाही. खाल्ला असेल."

"तुम्हीच म्हणालात ना, कप्प्यात सहा होते. न फोडलेले."

"मग?"

तिने टेप खाली ठेवली. "अहो, साडी नेसून, गाठोडं घेऊन, खाऊचा पुडा घेऊन बाई कुठे जाते?"

मग म्हणाली, "उद्या मी जाऊन येते. तुम्ही नका येऊ."


रविवार, १६ नोव्हेंबर

छाया दुपारी गेली ती अंधार पडता आली. आली आणि चपला न काढता खोक्यावर बसली.

दार अन्वरीनेच उघडलं म्हणे. हसली, आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या?"

छायाने सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहितो.

वर्षभर हे चाललं आहे. आधी किल्ल्या विसरायला लागली, मग नावं. या उन्हाळ्यात नवंच सुरू झालं. दुपारची नमाज झाली, ऊन उतरायला लागलं की अन्वरी आवरायला घेते. घरी जायचं. हे घर आहे म्हटलं तर रडते, दार वाजवते. तिचं घर म्हणजे माहेर, कोकणातल्या खाडीच्या पलीकडचं. लहानपणी अलीकडच्या काठाला शाळेत यायची आणि संध्याकाळच्या होडीने परत जायची. ऑगस्टच्या शेवटी एकदा हारुन आंघोळीला गेला तेवढ्यात ती बाहेर पडली. अनवाणी, त्या उन्हात. एका टॅक्सीवाल्या पठाणाला बसस्टॉपवर सापडली. त्याला विचारत होती, होडी किती वाजता आहे.

हारुनने गाडीतून फिरवून बघितलं. ती म्हणाली, गाडीने कसं जाणार, मधे खाडी आहे ना.

मग एक दिवस त्याने तिला आपल्या बोटीत बसवलं. ती गप्प बसली. खारफुटीपर्यंत नेलं, हळूच वळवलं, परत आणलं. तिला वाटतं आपण जाऊन आलो. घरी आल्यावर त्यालाच सांगते, आई झोपली होती, उठवली नाही, खाऊ उशाशी ठेवून आले.

खाऊ ती आठवड्यातून एखाद्या दिवशीच नेते, तो हारुन सीटखाली ठेवतो. टाकवत नाही म्हणे.

मुलगा रुहान मस्कतला असतो. तो म्हणतो, अम्मीला गावी ने, तिथे तिला बरं वाटेल. हारुनने छायाला सांगितलं, तिथे कोणी उरलेलं नाही. आणि त्या खाडीवर आता पूल झालाय. होडी बंद.

म्हणजे तिला घरी नेणारी एकच होडी आहे. मुसफ्फाला. आणि ती मी बावीस तारखेला दाखवणार आहे.

छाया म्हणाली, "अन्वरीभाभींनी मला बजावलं होतं एकदा, दीड वर्षापूर्वी. मी काही विसरायला लागले तर कोणाला सांगू नका, लोक तोंड पाडून बघतात. मी हसले होते."

मी दोन आठवड्यांत इथे काय काय लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं. ही पानं फाडावीत असं वाटतं. फाडत नाही. रिजेक्ट झालेलं वेल्डिंगही रेकॉर्डला ठेवायचं असतं.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुपारच्या सुट्टीत हारुनला त्याच्या वर्कशॉपसमोरच्या चहावाल्याकडे गाठलं. सकाळी शेजारची केरळची बाई अन्वरीकडे बघते, दोनच्या आत त्याला घरी पोचावं लागतं. दोन कडक सांगितले.

"भाड्याने देतो काय विचारलास," तो म्हणाला. "मला कोण भाडं देणार रे? या तोंडाला?"

"चुकलं माझं."

"लिहून दे. सही शिक्क्यासकट." मग हसला, थोडंसं. "चौदा रिजेक्ट केलेस तेव्हाची माफी पण बाकी आहे."

मी तेलाचं काढलं. मला दुसरं काय काढता येतं. म्हटलं, रोज एक तास एवढ्या हळू चालवलंस तर तेलात पेट्रोल उतरत राहणार. येताना दहा मिनिटं जोरात आण, सगळं उडून जाईल.

"मला शिकवतो काय? एकदा आणली जोरात. ओरडली. होडी अशी जाते काय कधी, म्हणाली, तुम्ही दारू प्यालात. बाक सोडून उठून उभी राहिली. भर पाण्यात." त्याने ग्लास ठेवला. "नाय जमायचं. इंजिन जाईल तर जाईल."

"मग तेल तरी बदलायचं."

"दोन तास लागतात. दोन तास तिला कुठे ठेवू?"

इतके दिवस मी हाच प्रश्न चुकीच्या बाजूने विचारत होतो.

मग तो स्वतःच बोलत राहिला, फोनवर बोलायचा तसा. बोटीत बसली की तो तिला नवरा वाटतच नाही. होडीवाला. गप्पा मारते, म्हणे. "सांगते, माझे मिस्टर दुबईला असतात. देराला. एका खोलीत आठ जण राहतात, दोन वर्षांनी येतात. माणूस चांगला आहे, पण पत्र लिहीत नाय. मी म्हटलं, लिहील हो. तर म्हणते, तुम्हाला काय माहीत, तुम्ही होडीवाले."

"तू लिहायचास का पत्र?"

"नाय रे. ओव्हरटाइम करायचो." त्याने चहावाल्याला हात केला. "तुला विकायची तर वीक. अर्धी तुझी आहे. मी काय ते बघेन."

हे तो खरंच म्हणत होता, म्हणून जास्त लागलं.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

केरळवाल्याला फोन करून बोट विकायची नाही म्हणून कळवलं. तो चिडला. मी तीनदा सॉरी म्हटलं. छायाने आधीच गृहीत धरलं होतं, तिला सांगायला गेलो तर म्हणाली, "मग? दुसरं काय करणार होतात?"

ईशानीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. "बाबा, दॅट्स सो सॅड," म्हणाली. मग म्हणाली, "शी पुट माय हळद." मराठी इतकं पुरे.

बोट हारुनच्या नावावर करायचे कागद पुढच्या आठवड्यात. माझा व्हिसा रद्द व्हायच्या आत झालं पाहिजे.


शनिवार, ६ डिसेंबर

एकट्याने पुन्हा तेल बदललं. मीटर ७०३. आतून पावणेतीन लिटर निघालं. या वेळी दीड तासात झालं, थेंब पडला नाही. मिसरीने अंगठा दाखवला.

हारुनला सांगितलं नाही. चारच्या फेरीला त्याने काडी बघितली असणार, कारण संध्याकाळी मेसेज आला: "फिल्टर जास्त आवळलास. गाढव."

पण मी सत्तावीस दिवसांनी विमानात असेन. त्यानंतर? हा प्रश्न कोणत्याच खोक्यात बसत नाही. छाया म्हणाली, तुम्ही दर महिन्याला पुण्याहून तेल बदलायला येणार का? चेष्टेत म्हणाली. माझी तिकिटं बघून झाली होती.


मंगळवार, १६ डिसेंबर

निरोपसमारंभ. केक, घड्याळ, सात भाषणं. एकाने माझं नाव गुणवंतच्या पुढे सिंग लावून वाचलं. घरी येऊन नऊला झोपलो.


शनिवार, २७ डिसेंबर

आज शेवटचं तेल. थकलो आहे, पण लिहून झोपतो.

ठरलं असं होतं की अन्वरी दुपारी झोपते तेव्हा छाया तिच्यापाशी बसेल आणि मी अन् हारुन दोघं मिळून तीनच्या आत उरकू. निघायला उशीर झाला. मी पंप मारत होतो, हारुन नळी धरून सूचना करत होता. "हळू. गाईचं दूध काढतोय असं समज." मी म्हटलं, तू कधी काढलंस? म्हणाला, म्हणून तर तुला सांगतो.

तेल अर्धंअधिक निघालं होतं, फिल्टर काढून बाजूला ठेवला होता, आणि जेट्टीवर टॅक्सी थांबली. छाया आणि अन्वरी. हिरवी साडी, गाठोडं, पुडा. छायाने लांबूनच हात जोडल्यासारखं केलं. अन्वरी लवकर उठली होती, ऐकेना, दार वाजवायला लागली होती.

हारुनचा चेहरा पांढरा पडला. बोट निघूच शकत नव्हती. इंजिन उघडं, आतलं तेल कॅनमध्ये. तो हळूच म्हणाला, "आता रडेल. गेलं सगळं."

अन्वरी काठावर येऊन उभी राहिली. उघड्या इंजिनकडे बघितलं, मग माझ्या काळ्या हातांकडे.

"होडी बंद आहे?"

मी म्हटलं, "बंद नाही. तेल बदलतोय. तासाभरात सुटेल."

तिने विचार केला. मला वाटलं आता सुरू होईल.

"बरं," ती म्हणाली. "करून घ्या. मधे बंद पडली तर पंचाईत." आणि हारुनने पुढे केलेले हात धरून बोटीत उतरली, आपल्या बाकावर बसली, गाठोडं मांडीवर घेतलं. थांबली.

खरंच थांबली. एक तास दहा मिनिटं. होडीची डागडुजी चालली आहे म्हटल्यावर थांबणं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. हारुनला हे कळायला चार महिने लागले, मला सहा आठवडे. मी फडकं शोधत होतो तर तिनेच पुढे केलं.

तेल मी ओतलं, पण फिल्टर हारुनने बसवला. मी त्याला बसवू दिला. हाताने फिरवला, पाना न लावता, कान जवळ नेऊन, जसा पूर्वी बसवायचा तसा. मग काडी काढली, दोन बोटांत तेल चोळलं, हुंगलं. मी लॉगबुक उघडून बसलो.

तो मागच्या बाजूला हात धुवायला वाकला तेव्हा अन्वरी माझ्याकडे झुकली.

"तुम्ही नवीन आहात का?"

"हो."

"याच्याकडून शिकून घ्या." तिने हारुनच्या पाठीकडे मान केली. "माणूस चांगला आहे हा. रोज नेतो, रोज आणतो, एकदा चुकवलं नाही. आमच्या मिस्टरांना सांगणार आहे मी, दुबईहून आले की याला काहीतरी द्या म्हणून."

हारुनने ऐकलं. त्याचे हात धुऊन झाले होते, तरी तो बराच वेळ पाण्यात हात घालून बसला.

मग मी काठावर चढलो. छाया माझ्या बाजूला उभी राहिली. हारुनने इंजिन चालू केलं, दोरी सोडली. ती मागे वळून बघत नव्हती, तोंड पुढेच. बोट खारफुटीकडे गेली, होडीच्या वेगाने. आम्ही दिसेनाशी होईपर्यंत थांबलो, मग आणखी थोडं थांबलो.

लॉगबुक हारुनकडे ठेवून आलो. तो लिहिणार नाही हे माहीत आहे, म्हणून शेवटची नोंद इथे उतरवून घेतो.

मीटर ७२४. तेल अडीच लिटर, फिल्टर नवा. गळती नाही. पुढचं तेल तीस तासांनी. हारुन बदलेल. अन्वरी थांबेल.